जकातवाली झोपली आहे

दार उघडलं आणि मी माझं ठरलेलं वाक्य म्हणून टाकलं, "या घरात मतदार किती?" गेले तीन महिने हे वाक्य इतक्या वेळा माझ्या तोंडून गेलं आहे की म्हणताना मी समोर बघतसुद्धा नाही, हातातल्या यादीकडे बघते. बोलायचं आमच्या उमेदवार सिस्टरनं आणि खुणा करायच्या मी, अशी आमची वाटणी. मत आपलं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली, आणि जो माणूस फारच गोड हसून "बघू या ना" म्हणतो त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. "एकच, मी," असं दारातली मुलगी म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या मागे टेबलावर फासे पडले. खाली कापड अंथरलेलं असताना फासे पडतात तो आवाज. मी मान वर केली. डेंटिस्ट पाठमोरा बसला होता. त्या टकलाच्या उजव्या बाजूला मी नऊ वर्षं बसत आले आहे, तेव्हा ओळखण्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या समोर त्याची बायको, तिला आम्ही डेंटीणबाई म्हणतो, आणि टेबलाच्या टोकाला सर्व्हेअरकाका, एक पाय स्टुलावर लांब केलेला, गुडघ्याला जाड पट्टा. टेबलावर आमच्या खेळातलं शहर पसरलेलं. चौथी खुर्ची नुकतीच मागे सरकवलेली दिसत होती, तीवरून उठूनच ही मुलगी दार उघडायला आली होती. तिच्या उजव्या हाताच्या चिमटीत माझ्या आईचं पितळेचं अंगुस्तान, शिवताना बोटावर घालायची टोपी, होतं. ते अंगुस्तान म्हणजे जकातवाली, आणि जकातवाली म्हणजे मी.

"अगं, तू?" डेंटीणबाई म्हणाली. डेंटिस्ट वळला, अर्धवट उठला आणि "आत ये ना," असं म्हणाला, पण पाहुण्यांना म्हणतात त्या सुरात. सिस्टरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ओळखीची माणसं दिसली म्हणून ती उलट खुलली आणि उंबऱ्यातच तिनं सुरुवात केली. प्रसूतिगृह बंद करायचं कसं घाटतं आहे, जागा कुणाच्या घशात जाणार आहे, तिथं तिनं सत्तावीस वर्षं काढली, किती मुलं या हातांनी जगात आणली. वाक्यं सगळी मी लिहिलेली. आपण लिहिलेली वाक्यं आपल्याच माणसांना दुसऱ्याच्या तोंडून, अशी दारात उभं राहून ऐकवली जात असताना कुठं बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी काकांच्या गुडघ्याकडे बघत राहिले. हा पट्टा कधी आला? ऑपरेशन झालं असणार. मला कळलं नाही. कळवायला मी होते कुठे? काकांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे बंद झालं तर जवळचं कुठलं?" सिस्टर म्हणाली, "नऊ किलोमीटर. तेही रस्ता मोकळा असला तर." काकांनी मान हलवली. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, ते रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मलाही थोडं रागावता आलं असतं. सिस्टर "येते हं" म्हणाली, मी "येते" म्हणाले, आणि आम्ही तिसऱ्या मजल्याकडे निघालो. त्या मुलीच्या नावापुढे कुठलीच खूण करायची राहून गेली.

या इमारतीला लिफ्ट आहे, पण प्रचाराला निघालेल्या माणसानं लिफ्टनं जायचं नसतं, लोक बघतात, असं सिस्टरचं मत. तिचे पाय सुजलेले असतात तरी. मी तिच्या मागून चढत होते आणि मनात ती चौथी खुर्ची होती. हेवा होता तो, उगाच दुसरं नाव कशाला देऊ! संसारात कधी मला कुणाचा हेवा वाटला नाही. नवराच म्हणतो, "मला तीन सवती आहेत. तुझं राजकारण, तुझे फासे आणि तुझ्या वह्या. त्या तिघींचं आपसात पटेना तर तू माझ्यावर का चिडतेस?" तो हे हसत म्हणतो, पण त्याचं म्हणणं शब्दाशब्दानं खरं आहे. पटत नाही त्यांचं. दिवसभर मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहिते, 'आपला अर्ज मिळाला, पाहणी करून कार्यवाही करण्यात येईल', आणि संध्याकाळी या तिघी मला वाटून घेतात. सभेत बसले की टेबल आठवतं. टेबलापाशी बसले की सभेत कोण काय बोललं असेल याचा घोर लागतो. आणि वही उघडून लिहायला घेतलं की वाटतं, माणसं तिकडं पत्रकांच्या घड्या घालत बसली आहेत आणि आपण इथं खोट्या शहरातल्या खोट्या पावसाचं वर्णन करतो आहोत. ज्या ठिकाणी असेन तिथून दुसऱ्या ठिकाणची ओढ. आमची मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून तर घरातही मी घरची नसते.

काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक शहर काढलं. नकाशाच्या जाड कापडावर, काळ्या शाईनं, मोजमाप धरून. मधून नदी, नदीवर सात पूल. त्यांनी डेंटिस्टला धरलं, डेंटिस्टनं बायकोला धरलं, आणि मला तिनं धरलं, कार्यालयात पाण्याच्या बिलावरून भांडायला आली होती तेव्हा. खेळ असा की प्रत्येकानं त्या शहरातला एक माणूस व्हायचं. डेंटिस्ट वैद्य झाला, त्याला दुसरं काही सुचेना. डेंटीणबाई चोर झाली आणि नवऱ्याच्या पिशव्या मारू लागली. मी पहिल्या पुलावरची जकातवाली झाले. का, ते सांगता येणार नाही. कुणीही आलं तरी त्याला थांबवून "कुठून आलात, कुठं निघालात" हे विचारायचा हक्क असलेली बाई मला व्हायचं होतं, इतकंच. जे घडेल ते काका सांगत, आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही ते फासे ठरवणार. आणि त्या रविवारी घडलेलं सगळं घरी जाऊन वहीत उतरवायचं काम माझं. नऊ वर्षांत अकरा वह्या भरल्या. सोमवारी सकाळी कार्यालयात जाण्याआधी मी लिहायला बसायचे. नवरा चहा ठेवून जायचा तो गार व्हायचा. त्या दीड तासात मी जितकी सुखात असायचे तितकी एरवी कधीच नसायचे. पुलावरचे दिवे, दगडांवरची ओल, जकातवालीच्या पेटीचं करकरणारं झाकण, हे मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्पष्ट दिसायचं. कुणी वाचणारं नव्हतं, तीन माणसं सोडून. तीन पुष्कळ झाली.

मग प्रसूतिगृहाची भानगड निघाली. माझी मुलगी तिथंच झाली. सिस्टरनंच तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि मला म्हणाली, "रडू नकोस, ती रडतेय तेवढं पुरे." अशी बाई उभी राहिली तर तिच्यासाठी लिहायचं नाही म्हणजे काय? आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही येत होती. वाद घालायला मला आवडतं. पत्रकातल्या एका शब्दासाठी पाच जणांनी तासभर भांडायचं, हे मला फार आवडतं. मी दोन्ही करीन म्हटलं. केलंही काही दिवस. नंतर गडबड सुरू झाली ती अशी की एका सोमवारी मी वहीत जकातवालीच्या तोंडी 'नागरिकहो' घातलं. पुढच्या रविवारी काकांनी ते पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "छान आहे. पण यात आम्ही कुठं आहोत ते सापडलं नाही." मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी उलट झालं. चार हजार पत्रकं छापून आली, आणि दुसऱ्या परिच्छेदात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्या नदीच्या सातही पुलांवरून आई होणारी बाई ज्या दाराशी येते ते दार उघडं राहिलं पाहिजे.' या शहरात नदी नाही. पूलही एकच आहे, रेल्वेवरचा. तीन जणांनी मुद्रितं तपासली होती, कुणाच्याही लक्षात आलं नाही, वाक्याला लय होती ना. समोरच्या पक्षाची मंडळी दुसऱ्या दिवशी चौकात "नदी दाखवा, बक्षीस मिळवा" असा फलक घेऊन उभी राहिली. सिस्टर पोट धरून हसली. म्हणाली, "निवडून आले तर आधी नदी आणू." पण त्या रात्री मी अंथरुणात पडून विचार केला की दोन ठिकाणी अर्धी अर्धी असणारी बाई दोन्हीकडे खोटी ठरते. त्या आठवड्यात मी टेबलापाशी सांगून आले, "सहा रविवार मला सुट्टी द्या." आमच्याकडे रिवाज असा की जो नसेल त्याची सोंगटी जिथं असेल तिथं आडवी करून ठेवायची. काका म्हणाले, "जकातवाली झोपली आहे," आणि त्यांनी अंगुस्तान आडवं केलं. सहाचे चौदा झाले. एकदाही मी फोन केला नाही. आधी वेळ नव्हता म्हणून, मग लाज वाटायला लागली म्हणून, आणि अलीकडे, का केला नाही असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून.

तिसऱ्या मजल्यावर दोन घरं बंद होती आणि तिसऱ्या घरातल्या आजोबांनी सिस्टरला स्वतःच्या मूळव्याधीची हकिकत सांगायला सुरुवात केली. ती ऐकत बसते, हेच तिचं बळ. मी बाहेर कठड्याला टेकून उभी राहिले. खालून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. डेंटीणबाईचं हसणं तेवढं कळलं. माझ्यावाचून ती हसते, यात नवल ते काय? तरी लागलंच. मला त्या मुलीची चिमूट दिसत राहिली. बोटं लांब, नखं कापलेली, तर्जनीला शाई. म्हणजे वहीसुद्धा तीच लिहीत असणार. सोंगटी गेली तर गेली, आईचं अंगुस्तान मी मागून घेऊ शकले असते. पण ती वही? जकातवाली आता माझ्या डोक्यातलं काहीच बोलत नसेल. दुसऱ्याच कुणाच्या बोलीत "कुठून आलात" विचारत असेल, आणि ते कदाचित जास्त चांगलं असेल. निवडणूक अकरा दिवसांवर आली होती. हरलो तर मी मोकळी होणार होते, आणि जिंकलो तर पाच वर्षं सिस्टरला कागद लिहून देणारं कुणीतरी लागणार होतं. मला जिंकायचं होतं, अगदी मनापासून. आणि त्या जिन्यात उभी असताना मला जे हवं होतं ते इतकंच, की कुणीतरी मला ती खुर्ची परत द्यावी. एक गोष्ट दुसरीला खाते हे दिसत असूनही दोन्ही तितक्याच हव्या वाटणं, याला माझ्या वयात काय म्हणायचं?

ती मुलगी जिना चढून वर आली. हातात वही. जवळून पाहिली तर तिशीची असेल, चष्मा, अनवाणी. "ताई, मी तुम्हाला ओळखते," ती म्हणाली. "म्हणजे वह्यांमधून. अकराही वाचल्या. मी चष्म्याच्या दुकानात असते. दाढ काढायला डॉक्टरांकडे गेले होते, तोंडात कापूस असताना त्यांनी विचारलं, रविवारी काय करतेस. मला नाही म्हणता आलं नाही." मी हसले, कारण डेंटिस्ट हे असंच करणार. ती पुढे म्हणाली, "काकांच्या घरी जिना आहे ना, ऑपरेशननंतर त्यांना चढवेना. म्हणून आता माझ्याकडे बसतो. तुम्हाला कळवायचं होतं, पण ते म्हणाले, नको, ती कामात आहे."

"तू छान खेळतेस का जकातवाली?" मी विचारलं. आवाज चांगला ठेवला होता, तरी शेवटी तिरका गेलाच.

तिला आधी कळलंच नाही. मग ती घाईघाईनं म्हणाली, "मी नाही हो जकातवाली! खेळात मी पाहुणी आहे. माझं बटण आहे, निळं. जकातवाली झोपलीय."

"मग तुझ्या हातात काय होतं?"

"आज माझी पाळी होती न्यायची." तिनं वही पुढे केली. "वाचा ना. मला नीट लिहिता येत नाही, पण घडलं ते सगळं घेतलंय."

वही साधी होती, अक्षर शाळकरी. मी उभ्यानंच वाचली. पाणी वाढतंय, असं पहिल्या पानावर होतं. नदी दर रविवारी एक घर पुढे येते आणि सातवा पूल ओलांडला की माणसं वाचतात. मग लिहिलं होतं की जकातवाली पहिल्याच पुलावर झोपली होती आणि वैद्य म्हणाला, हिला इथं टाकून जायचं नाही. त्यावर काकांनी नियम काढला. झोपलेल्या माणसाला न्यायचं असेल तर पाळीपाळीनं एकानं उचलायचं, आणि जो उचलेल त्याला त्या दिवशी दोनऐवजी एकच फासा. पुढे प्रत्येक रविवारची नोंद होती. 'वैद्यानं नेलं. तीन घरं झाली.' 'चोरानं नेलं. एकच घर झालं. चोर म्हणाली, हिच्यापेक्षा तिजोरी हलकी.' 'पाहुणीनं पहिल्यांदा नेलं. भीती वाटली, पण पडली नाही.' 'जकातवाली झोपेत कुशीवर वळली.' शेवटची नोंद चौथ्या पुलाची होती. तिसरा पूल पाण्याखाली गेला होता.

"हिला टाकलं असतं तर तुम्ही कधीच पार झाला असता," मी म्हणाले.

"हो, मागच्याच महिन्यात. डॉक्टरांनी हिशेब केला होता." तिनं माझ्या हातातून वही घेतली. "आता बहुतेक नाही पोचणार. पाणी फार जवळ आलंय."

खेळ आहे, बाई, कापडावर काढलेलं पाणी आहे, असं मी स्वतःला बजावलं. पण त्या कापडावर माझी नऊ वर्षं आहेत, आणि इतर तिघांची त्याहून जास्त. मी यादी काखेत मारली आणि खाली गेले. मुलगी मागून आली. दार उघडंच होतं. आत जाऊन मी टेबलापाशी उभी राहिले. अंगुस्तान चौथ्या पुलावर आडवं होतं, निळ्या बटणाला चिकटून.

"काका, तिला सोडा," मी म्हणाले. "इथंच पुलावर राहू द्या. तुम्ही पुढे व्हा. माझं काही खरं नाही. हरले तर येईन कदाचित, जिंकले तर पाच वर्षं नाही. तुम्ही कशाला बुडता माझ्यापायी?"

"हे कोण सांगतंय?" काकांनी विचारलं.

"मी सांगतेय."

"मी म्हणजे? प्रचारातली बाई, का पाणीपुरवठ्यातली?"

"जकातवाली सांगतेय."

"ती झोपलीय," काका म्हणाले. "झोपलेल्या माणसाला सोडा म्हणता येत नाही. तिला सांगायचं असेल तर तिनं जागं व्हावं. ही खुर्ची. बस, फासे घे, जागी हो आणि मग म्हण काय म्हणायचं ते. मी लगेच ऐकेन."

खुर्ची मोकळी होती. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी राहिली होती, मुद्दाम. डेंटीणबाईनं फासे माझ्या बाजूला सरकवले आणि दुसरीकडे बघू लागली. बसावंसं मला इतकं वाटलं की हात खुर्चीच्या पाठीवर गेला. एकदा बसले असते तर "सोडा" म्हणाले नसते, हे मलाही ठाऊक होतं आणि काकांनाही. नदी बघितली असती, किती घरं उरलीत मोजलं असतं, आणि उठलेच नसते. तेवढ्यात जिन्यातून सिस्टरची हाक आली, "अगं, कुठं राहिलीस? यादी तुझ्याकडे आहे!" तिचा आवाज दमलेला होता. चौथा मजला बाकी होता, आणि त्या सुजलेल्या पायांनी ती एकटीच दारापुढे उभी राहून, कुणाचं नाव काय, हे आठवायचा प्रयत्न करत असणार.

मी बसले नाही. फाशांना हातही लावला नाही. "मला जायला हवं," मी म्हणाले. दारापर्यंत गेले, पण तसंच निघून जाता येईना. मी वळून डेंटिस्टला विचारलं, "जड आहे का रे ती?"

त्यानं अंगुस्तान उचलून तळहातावर घेतलं, जोखल्यासारखं केलं.

"आहे की," तो म्हणाला. "चांगलीच जड आहे."

"मग?"

"मग काय? नेतोय."

वरून सिस्टरनं पुन्हा हाक मारली. मी "आले, आले" म्हणत जिना चढायला लागले, आणि दोन पायऱ्यांवरच थांबावं लागलं, कारण यादीतली नावं दिसेनाशी झाली होती.